नोकरदारांचे कायद्याचे शिक्षण आणि हॉवर्डच्या सायंवर्गांचा अंत

अमेरिकेतील कायद्याच्या सायंशाळांचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून आलेल्या स्थलांतरितांच्या लोंढ्याशी जोडण्याचा प्रघात आहे. बॉस्टनपुरते ते बरेचसे खरे आहे. तेथे १९०६ साली ग्लीसन आर्चर यांनी आपल्या राहत्या घरी रात्रीचा वर्ग भरविला व त्यातूनच पुढे सफोक विधिशाळा उभी राहिली. राजधानी वॉशिंग्टनची कथा मात्र याहून जुनी आणि वेगळ्या कारणांची आहे. यादवी युद्धामुळे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांचा पसारा वाढला आणि बऱ्यापैकी शिकलेल्या, निश्चित वेतन मिळविणाऱ्या कारकुनांचा एक मोठा वर्ग शहरात स्थिरावला. त्यांची संध्याकाळ मोकळी होती आणि वकिली हा त्यांच्या दृष्टीने वर चढण्याचा सर्वांत जवळचा जिना होता. कोलंबियन महाविद्यालयाने १८६५ साली व जॉर्जटाउनने १८७० साली कायद्याचे वर्ग सुरू केले ते याच वर्गाकरिता, आणि म्हणूनच सायंकाळी.

या दोहोंच्या मधल्या काळात, जानेवारी १८६९ मध्ये, हॉवर्ड विद्यापीठाचा कायदा विभाग जॉन मर्सर लँग्स्टन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. प्रारंभी विद्यार्थी सहा व अध्यापक चार. आठवड्यातून तीन संध्याकाळी या अध्यापकांच्या घरी किंवा त्यांच्या कचेऱ्यांत वर्ग भरत. नुकत्याच दास्यमुक्त झालेल्या समाजातून वकील निर्माण करणे हा विभागाचा हेतू होता. पण ज्यांच्यापाशी दिवसा शिकण्याइतकी सवड आणि पैसा आहे अशी माणसे त्या समाजात जवळजवळ नव्हतीच. सायंवर्ग ही येथे सोय नव्हती, ती विभागाच्या अस्तित्वाची अटच होती.

अशा शाळेची निवड करणारा माणूस काय तोलून पाहत असे, हे रॉबर्ट टेरेल यांच्या उदाहरणावरून कळते. १८८४ साली हार्वर्डची पदवी सन्मानाने मिळवूनही त्यांनी वॉशिंग्टनच्या शाळेत शिक्षकी पत्करली आणि नोकरी सांभाळून हॉवर्डमध्ये कायद्याचा अभ्यास केला. १८८९ साली ते उत्तीर्ण झाले आणि पुढे राजधानीच्या न्यायासनावर बसले. हार्वर्डचा पदवीधरही ज्या मार्गाने गेला तो मार्ग केवळ दुबळ्या विद्यार्थ्यांचा होता, असे म्हणता येत नाही. कृष्णवर्णीयांना सरकारी नोकरी अथवा शिक्षकी याखेरीज स्थिर उत्पन्नाची साधने फार थोडी होती. हाती आलेली अशी नोकरी सोडून तीन वर्षे अभ्यास करणे म्हणजे घर उघड्यावर टाकणे होते. शिवाय वकिलीसाठी विधिशाळेची पदवी कायद्याने आवश्यक नव्हती. १९२७ सालीदेखील अमेरिकेतील एकाही राज्यात तसे बंधन नव्हते. तेव्हा शाळा घराजवळ आहे काय, शुल्क झेपेल काय आणि परीक्षेची तयारी नीट होईल काय, एवढाच विचार पुरेसा होता. शाळेला बाहेरची मान्यता आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा.

तो प्रश्न १९२१ साली पुढे आला. त्या वर्षी एलिहू रूट यांच्या समितीच्या शिफारशीवरून अमेरिकन बार असोसिएशनने विधिशाळांसाठी काही निकष ठरविले: प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची दोन वर्षे, तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास किंवा त्याहून दीर्घ मुदतीचा अर्धवेळ अभ्यास, पुरेसे ग्रंथालय आणि पुरेसे पूर्णवेळ अध्यापक. सायंशाळांवर बंदी नव्हती, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. पण दिवसभर न्यायालयात उभे राहून संध्याकाळी शिकवायला येणाऱ्या वकिलांवर व न्यायाधीशांवर चाललेल्या संस्थेला ग्रंथालयाची आणि अध्यापकांची अट बंदीइतकीच जड होती. याच वर्षी कार्नेगी प्रतिष्ठानासाठी आल्फ्रेड रीड यांनी लिहिलेला अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे निराळे होते. कायदा हा राज्यकारभाराशी निगडित असा सार्वजनिक व्यवसाय असल्याने त्याचे दार गरिबांना मोकळे असलेच पाहिजे. सर्व वकील एकाच साच्याचे असतात हा समज सोडून निरनिराळ्या दर्जांच्या शाळा मान्य कराव्यात. धुरीणांना हे रुचले नाही. दर्जाच्या त्या चर्चेत स्थलांतरितांविषयीचा तिटकाराही अधूनमधून डोके वर काढीत होता, हे नमूद केले पाहिजे.

हॉवर्डपुढील पेच याहून अवघड होता. मॉर्डेकाय जॉन्सन १९२६ साली विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९२९ साली त्यांनी चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्यावर विधिशाळेची धुरा सोपविली. ह्यूस्टन हार्वर्डचे विधिपदवीधर. तेथील विधिपत्रिकेच्या संपादक मंडळावरील पहिले कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय वकिलांच्या स्थितीची पाहणी त्यांनी आधीच केली होती. वर्णभेदाविरुद्ध न्यायालयात लढायचे तर अव्वल दर्जाचे वकील हवेत आणि मान्यता नसलेल्या शाळेतून ते येणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९३० साली सायंवर्ग बंद करण्यात आले. १९३१ साली असोसिएशनची मान्यता मिळाली. माजी विद्यार्थ्यांनी मोठा विरोध केला, विद्यार्थीसंख्या घटली, पण ह्यूस्टन मागे हटले नाहीत.

त्यांचे वडील विल्यम ह्यूस्टन हे स्वतः सरकारी कचेरीत कारकुनी करीत हॉवर्डच्या सायंवर्गांतून वकील झाले होते आणि पुढे तेथे शिकवीतही होते. पित्याने ज्या दारातून प्रवेश केला तेच दार पुत्राने बंद केले. यात कृतघ्नता शोधणे व्यर्थ आहे. निर्णयाची किंमत कोणी दिली एवढेच येथे पाहावयाचे. नव्या व्यवस्थेत १९३० साली दाखल झालेले थर्गुड मार्शल पहाटे उठून बाल्टिमोरहून आगगाडीने येत. शुल्कासाठी त्यांच्या आईने आपल्या अंगठ्या गहाण टाकल्या. शिवाय ग्रंथालयात ते काम करीत. घरच्यांचा एवढा आधार नसलेल्या, मंदीच्या काळात कुटुंब पोसणाऱ्या पस्तिशीच्या कारकुनाला हे शक्य नव्हते. गोऱ्यांच्या सायंशाळा त्याला घेत नव्हत्या. मार्शल आणि ह्यूस्टन यांनी १९३६ साली मेरीलँड विद्यापीठाच्या विधिशाळेचा वर्णनिर्बंध न्यायालयात मोडून काढला आणि १९५४ साली शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा ब्राऊन खटला मार्शल यांनी जिंकला. या यशामुळे १९३० च्या निर्णयाचे समर्थन सोपे होते. पण सायंवर्गांचे विद्यार्थी त्या समर्थनात कोठेच दिसत नाहीत.

त्यांनी स्वतः मार्ग शोधला. ऑगस्ट १९३१ मध्ये वॉशिंग्टनमधील काही कृष्णवर्णीय वकिलांनी नोकरदारांसाठी नवी सायंशाळा काढली व तिला रॉबर्ट टेरेल यांचे नाव दिले. या शाळेची पदवी हॉवर्डच्या तोलाची नव्हती, परंतु नोकरी न सोडता मिळत होती, आणि जवळजवळ दोन दशके तिच्यातून वकील बाहेर पडत राहिले. १९५० साली ती बंद झाली. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात चार्ल्स ह्यूस्टन यांचे निधन झाले.