आग कोणी लावली? डॉक्टरने!

'रोम जळत होतं तेव्हा नीरो फिडल वाजवत होता.' आपल्याकडे दुष्काळ पडो, पूर येवो, नाहीतर रस्त्यांत खड्डे पडोत, कुठला ना कुठला अग्रलेख हे वाक्य काढतोच. आता गंमत बघा. नीरो गेला इसवी सन ६८ मध्ये. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन जन्माला आलं सोळाव्या शतकात. म्हणजे हा माणूस दीड हजार वर्षांनंतरचं वाद्य वाजवत होता! टाइम ट्रॅव्हलच म्हणायचं हे.

आणि खरोखरच टाइम ट्रॅव्हलवाल्यांनी या आगीवर एक गोष्ट केली आहे. बीबीसीची 'डॉक्टर हू' ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. सुरुवातीचा हेतू बऱ्यापैकी मास्तरकीचा होता. मुलांना करमणुकीतून थोडं विज्ञान आणि थोडा इतिहास शिकवायचा. म्हणून डॉक्टरच्या यानात दोन शिक्षक बसवले. इयन विज्ञानाचा, बार्बरा इतिहासाची. त्या काळात काही गोष्टींमध्ये राक्षस नाहीत, रोबो नाहीत, फक्त यान भूतकाळात उतरतं आणि ही मंडळी तिथे अडकतात. त्यातलीच एक 'द रोमन्स'. लेखक डेनिस स्पूनर, दिग्दर्शक ख्रिस्तोफर बॅरी, चार भाग, जानेवारी-फेब्रुवारी १९६५. त्या काळातले कितीतरी भाग बीबीसीने टेप पुसून घालवले, पण या गोष्टीचे चारही भाग शिल्लक आहेत. नशीब!

गोष्ट थोडक्यात अशी. साल ६४. डॉक्टर (विल्यम हार्टनेल) आणि मंडळी रोमजवळच्या एका रिकाम्या व्हिलामध्ये आरामात सुट्टी काढतायत. डॉक्टर आणि नवी पोरगी विकी रोम बघायला निघतात. मागे इयन आणि बार्बराला गुलामांचे व्यापारी पकडून नेतात. इयन जातो जहाजावर वल्ही मारायला, बार्बरा विकली जाते थेट नीरोच्या राजवाड्यात. इकडे डॉक्टरला लोक भलताच कुणीतरी नामवंत लायरवादक समजतात. याला तर वाजवता येत नाही! मग हा पठ्ठ्या भर दरबारात तारांना न लावता नुसती बोटं फिरवतो. अट एकच : ज्याचा कान खरा तयार, त्यालाच हे संगीत ऐकू येईल. सगळा दरबार माना डोलावतो. नीरोचा मात्र जळफळाट.

आणि मग मुख्य गंमत. नव्या रोमचा नकाशा टेबलावर पडलेला असतो. डॉक्टरच्या हातातल्या चष्म्याच्या भिंगातून ऊन त्यावर पडतं आणि नकाशा पेटतो. नीरो आधी चिडतो, मग त्याची ट्यूब पेटते. नवं शहर बांधायला सिनेट परवानगी देत नाही ना? मग जुनं जाळूनच टाकू! थोडक्यात, रोम जाळायची आयडिया डॉक्टरची.

आता पडद्यावरून खऱ्या रोमकडे येऊ. प्रॉडक्शन सर्व्हर पडला की आम्ही लोक पहिलं काम काय करतो? लॉग काढतो, आणि कोणी कधी काय लिहिलंय ते बघतो. इथेही तेच करायचं.

सगळ्यात सविस्तर नोंद टॅसिटसची. आग लागली १८ जुलैच्या रात्री, सर्कस मॅक्सिमसजवळच्या दुकानांतून. सहाव्या दिवशी एस्क्विलाइन टेकडीच्या पायथ्याशी घरं पाडून मोकळी जागा केली तेव्हा ती थांबली, आणि मग पुन्हा भडकली. शहराच्या १४ विभागांपैकी फक्त ४ धड राहिले. ३ जमीनदोस्त झाले, ७ मध्ये थोडेफार अवशेष उरले. आणि नीरो कुठे होता? अँटियमला, समुद्रकाठी. आग त्याच्या वाड्याजवळ आली तेव्हा तो परतला. त्याने बेघरांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, तात्पुरते निवारे उभारले, ओस्टियाहून सामान आणवलं, धान्याचा भाव उतरवला. म्हणजे फिडलवाल्या माणसाकडून आपण अपेक्षा करणार नाही ते सगळं.

मग गाण्याचं काय? टॅसिटस ती अफवा म्हणून सांगतो. शहर जळत असताना नीरोने आपल्या खाजगी रंगमंचावर ट्रॉयच्या विनाशाचं गाणं म्हटलं, असं लोक बोलत होते. पुढे सुएटोनियसमध्ये अफवेची बातमी झाली : तो मिसीनसच्या मनोऱ्यावर चढून गायला. त्यानंतर शतकभराने कॅशियस डिओने त्याला राजवाड्याच्या छपरावर चढवलं. जागा बदलत गेली आणि खात्री वाढत गेली. आग लागली तेव्हा टॅसिटस साधारण आठ वर्षांचा होता, सुएटोनियस जन्मलाही नव्हता. दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवं की थोरला प्लिनी त्या काळात हयात होता आणि झाडांबद्दल लिहिता लिहिता तो आगीचं खापर सरळ नीरोवर फोडतो. आग विझवू पाहणाऱ्यांना काही लोक धमकावत होते, उघड मशाली फेकत होते आणि आपल्याला हुकूम आहे असं सांगत होते, हे टॅसिटसनेच लिहिलंय. ते लुटारू होते की खरंच हुकूम होता, हे तो आपल्यावर सोडतो.

बरं, संशय हवेतून आला नव्हता. जळलेल्या जागेवर नीरोने स्वतःसाठी 'सोनेरी महाल' बांधायला घेतला. त्याच्या तळ्याच्या जागी नंतर कलोसियम उभं राहिलं. पण त्याच वेळी नवीन शहरासाठी नियमही झाले. रस्ते रुंद, घरांच्या उंचीवर मर्यादा, दोन घरांत सामाईक भिंत नाही, काही भाग जळत नाही अशा दगडाचाच. हे नियम वाचून आपल्या शहरांतले जुने वाडे आणि गल्ल्या डोळ्यांसमोर आल्या नाहीत तर नवल.

इथपर्यंत सगळं मजेत वाचता येतं. पुढचं नाही. लोक ऐकेनात, संशय जाईना, तेव्हा नीरोने दोष ढकलायला माणसं शोधली. टॅसिटस सांगतो की ख्रिस्ती लोकांना पकडलं गेलं. काहींना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलं, काहींना क्रुसावर चढवलं, काहींना रात्रीचे दिवे म्हणून जाळलं. टॅसिटसला या पंथाबद्दल काडीचं प्रेम नव्हतं, तरी तो लिहितो की बघणाऱ्यांना दया आली. हे लोकहितासाठी नाही, एका माणसाचं क्रौर्य भागवण्यासाठी चाललंय असं त्यांना वाटलं.

मालिकेत याची फक्त एक खूण आहे. बार्बराला पळायला मदत करणाऱ्या टॅव्हियसच्या हातात शेवटी एक छोटा क्रूस दिसतो. (हे चिन्ह सर्रास वापरात आलं ते पुढे दोनतीन शतकांनी, पण ते सोडा.) लेखक बोलत काहीच नाही. पुढे काय होणार हे माहीत असलेल्याला मात्र तिथे हसू येत नाही. अख्ख्या विनोदी गोष्टीतली मला सगळ्यात जड वाटलेली जागा ती.

एक चूक मात्र दाखवायलाच हवी. वल्ही मारणारे साखळदंडातले गुलाम हे चित्र 'बेन-हर'ने (१९५९) पक्कं केलं. रोमन आरमारात वल्ही मारणारे सहसा स्वतंत्र, पगारी लोक असत. बार्बराला बाजारात उभं करून बोली लावतात, ते मात्र रोममध्ये रोजचंच होतं.

मालिकेच्या नियमाबद्दलही बोलायला हवं. १९६४ च्या 'द ॲझटेक्स'मध्ये नरबळी थांबवायला निघालेल्या बार्बराला डॉक्टरने बजावलं होतं की इतिहास बदलता येत नाही. आणि आठ महिन्यांत हाच माणूस रोम पेटवतो! बारकाईने बघितलं तर त्याने काही बदललं नाही. जे पुस्तकात होतं तेच घडलं, फक्त तो त्या कारणांतला एक झाला. २००८ च्या 'द फायर्स ऑफ पॉम्पेई'मध्ये हाच विचार हसण्यावारी नेलेला नाही. तिथे डॉक्टरला स्वतःच्या हाताने व्हेसुव्हियसचा स्फोट घडवावा लागतो.

'द रोमन्स'चा शेवट मला फार आवडतो. इयन आणि बार्बरा मरता मरता वाचून व्हिलामध्ये आधी पोचतात. मागून डॉक्टर येतो आणि समजतो की हे दोघे इतके दिवस इथेच लोळत पडले होते. एकाच शहरात, एकाच वेळी, एक राजाच्या मेजवानीत आणि दुसरी त्याच वाड्यात गुलाम. दोघांची भेटही नाही आणि एकाची हकीकत दुसऱ्याला ठाऊकही नाही.

मेजवानीतल्यांची हकीकत टॅसिटसपर्यंत पोचली. वल्ही मारणाऱ्यांची, बाजारात विकलेल्यांची, त्या सात विभागांत घर जळालेल्यांची कोणी लिहून ठेवली नाही. उरली ती फक्त फिडल.

असो. पुढच्या वेळी अग्रलेखात नीरो दिसला की विचारून बघा : बाबा रे, व्हायोलिन कुठून आणलंस?