सर्पगंधेचें मूळ

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ चरकसंहितेंत सांगितले आहेत. आणि यांपैकीं दुसरा ढळला असतां काय करावें, तेंही तेथेंच सांगितलें आहे. अंगास तेल चोळावें, स्नान करावें, दूध व दहीभात सेवन करावा, मनास रुचणारे गंध घ्यावे, कानास गोड लागणारे शब्द ऐकावे, सुखाची शय्या करावी. उपाय उत्तम आहेत यांत शंका नाहीं. मात्र ते सारे भरल्या घरांतले आहेत, ही गोष्ट वाचतांना आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. तेल चोळावयास ज्याच्याजवळ माणूस नाहीं, किंवा मूल रात्रभर रडत असतां जिला पहांटेस कामावर गेलेंच पाहिजे, तिनें काय करावें? या प्रश्नाचा इतिहास पोथ्यांत फारसा सांपडत नाहीं. तो एका झुडपाच्या मुळाशीं सांपडतो.

हें झुडूप म्हणजे सर्पगंधा. उंची हात-दीड हात, फुलें पांढरट, त्यांचे देंठ तांबडे, फळें वाटाण्याएवढीं व पिकल्यावर काळीं. मूळ वेडेंवांकडें आणि चवीस अतिशय कडू. कोंकणांत हिला हरकी किंवा अडकई म्हणतात. सुश्रुतांत सर्पगंधा हें नांव येतें तें विषावरील द्रव्यांत, झोंपेच्या प्रकरणांत नव्हे. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेंही सापाच्या विषावर चालणाऱ्या मुळाचें वर्णन केलें आहे, आणि तें हेंच मूळ असावें असें पुष्कळ जाणत्यांचें मत आहे. सापाशीं झुंजण्यापूर्वी मुंगूस हें मूळ चावतें, ही कथाही त्याच परंपरेंतली. कथा गोड आहे. परंतु सर्पविषावर या मुळाचा उपयोग होत नाहीं, हें आतां ठाऊक झालें आहे. तात्पर्य, पंडितांच्या हातीं या वनस्पतीचें नांव होतें, तिचा खरा गुण नव्हता.

युरोपांत तर तिला नांवही परकें मिळालें. १७०३ सालीं प्ल्यूमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें या वर्गास लेओनहार्ट राउवोल्फ याचें नांव दिलें. हा राउवोल्फ सोळाव्या शतकांतील आउग्सबुर्गचा वैद्य. वनस्पती शोधीत तो बगदादपर्यंत गेला, पण हिंदुस्थानांत कधीं आला नाहीं. ज्या झुडपास आज त्याचें नांव आहे, तें त्यानें पाहिलेंही नसेल!

खरा गुण ठाऊक होता तो बिहारांतील साध्या लोकांस. तेथें हें मूळ 'पागल की दवा' म्हणून बाजारांत विकलें जाई, आणि किरकिऱ्या मुलांस निजविण्याकरितां बायका तें देत. आमच्या कोंकणांत मात्र त्याची कीर्ति निराळी. डिमॉक व त्याचे सहकारी यांनीं १८९० ते १८९३ या वर्षांत हिंदी औषधींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्यांनीं नमूद केलें आहे कीं, दक्षिण कोंकणांतून मुंबईस येणारे बहुतेक मजूर हें मूळ थोडेंसें आपल्याजवळ बाळगीत, तें पोटदुखीवर. म्हणजे बिहारांतील आई जें मूळ पाळण्यापाशीं ठेवी, तेंच मुंबईतील चाळींत कोंकणी मजुराच्या गांठोड्यांत असे. आणि त्याच चाळींत गिरणीवर जाणारी आई आपल्या मुलास निजविण्याकरितां अफूची बाळगोळी देई. घरीं पाहणारें कोणी नाहीं, भोंगा वाजण्याआधीं निघावयाचें, दिवसभर मूल गप्प राहिलें पाहिजे. त्या बाईस दोष देणाऱ्यांनीं तिची पहांट पाहिलेली नसते. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिट्ले कमिशननेंही आपल्या अहवालांत या चालीची दखल घेतली. तो अहवाल १९३१ सालचा. बाळगोळीच्या जागीं सर्पगंधा असती तर बरें झालें असतें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तान्ह्या मुलास तीही घातकच.

योगायोग असा कीं, त्याच १९३१ सालीं या मुळाचें भाग्य उघडलें. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनीं मुळांतून पांच सत्त्वें वेगळीं केलीं, आणि पहिल्यास कॉलेजाचे संस्थापक हकीम अजमलखान यांचें नांव देऊन 'अजमलीन' म्हटलें. कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब यांवर या मुळाचा गुण येतो, असें रोग्यांच्या अनुभवावरून लिहिलें. एका कविराजानें आणि एका डॉक्टरानें मिळून तो लेख लिहावा, ही गोष्ट आम्हांस त्यांतील निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते. मात्र दिल्लीस निघालेल्या सत्त्वांत झोंप नव्हती! अजमलीन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतें. १९४४ सालीं कलकत्त्याच्या संशोधकांनीं मुळांच्या राळेसारख्या चिकट भागांत गुंगीचा गुण दाखविला, आणि त्याच भागांतून १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझेल येथें सीबा कारखान्याच्या शास्त्रज्ञांनीं 'रेसर्पीन' काढलें.

मधल्या काळांत, १९४९ सालीं, मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनीं ५० रोग्यांवरील आपला अनुभव इंग्लंडांतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत छापला, आणि पाश्चात्य डॉक्टरांचें लक्ष या मुळाकडे वळलें. १९५४ सालीं न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनीं वेड्यांच्या इस्पितळांतील आपला अनुभव प्रसिद्ध केला. बिहारच्या बाजारांतलें नांव अशा रीतीनें शेवटीं न्यूयॉर्कास खरें ठरलें.

परंतु फार काळ नव्हे. मज्जातंतूंच्या टोकांशीं सांठविलेलीं द्रव्यें रेसर्पीन रितीं करून टाकतें. त्यामुळें खवळलेला मनुष्य शांत होतो हें खरें, पण कित्येकांच्या मनावर असें मळभ आलें कीं त्यांस जिणें नकोसें झालें. दुसरीं औषधें निघाल्यावर डॉक्टरांनीं हळूहळू हें हातावेगळें केलें. ज्या कोणास झोंप येत नाहीं, त्यानें हा लेख वाचून काष्ठौषधीच्या दुकानाकडे वळूं नये, हें येथें सांगितलेंच पाहिजे.

मागणीचा परिणाम झाडावर व्हावयाचा तो झालाच. पान किंवा फळ तोडलें तर झाड उरतें. येथें मूळच हवें असतें. रानांतील सर्पगंधा इतकी खणली गेली कीं १९९० सालीं तिचें नांव आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादींत घालावें लागलें. त्या यादींतही तिची नोंद राउवोल्फाच्याच नांवें आहे.