डोहाळे आणि ताट

गर्भिणीनें काय खावें हा प्रश्न आपल्याकडे शास्त्रकारांनीं, कवींनीं आणि घरोघरच्या आजीबाईंनीं मोठ्या आदरानें हाताळलेला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत तर महिनेवार पथ्यच दिलें आहे. पहिल्या महिन्यांत साधें थंड दूध, तिसऱ्यांत मध व तूप घातलेलें दूध, चवथ्यांत दुधाबरोबर लोणी, असा तो क्रम चालतो. गर्भिणी ही दोन हृदयांची, म्हणून तिची वासना तें ‘दौहृद’. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच कुळांतला. कालिदासानें रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत सुदक्षिणेला माती खाण्याचे डोहाळे लावले आहेत, आणि पुत्र पुढें पृथ्वीचा उपभोग घेणार असल्याची ती खूण मानली आहे. आजचा डॉक्टर असे डोहाळे ऐकतांच प्रथम रक्त तपासावयास सांगेल. कारण मातीची वासना आणि शरीरांतील लोहाची उणीव यांची संगत पुष्कळदां आढळते. राजवाड्यांतही ती आढळावी यांत नवल नाहीं.

परंतु ह्या सर्व वाङ्मयांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. घरांत दूध, तूप, लोणी आहे आणि ‘तुला काय हवें?’ असें विचारणारें कोणीतरी आहे. जेथें हें दोन्ही नाहीं, तेथें गर्भिणीच्या ताटांत प्रत्यक्ष काय पडतें, हें पाहण्याचें आपल्या पूर्वसूरींना सुचलें नाहीं. तें पाहिलें गेलें मुंबईंत, परळला, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यांत. आणि तें पाहणाऱ्यांत पुढें होती एक इंग्रज स्त्री.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजांत त्या वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकल्या आणि १९११ साली परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पण पदवी मिळाली नाहीं, कारण स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास त्या विद्यापीठाला १९४८ साल उजाडावें लागलें. (आमच्या मुंबई विद्यापीठानें स्त्रियांना पदव्या त्याच्या किती तरी आधीं दिल्या होत्या, हें आमच्या आंग्लभक्त मित्रांनीं ध्यानांत ठेवावें.) मागाहून त्या लंडनला वैद्यक शिकल्या. हिंदुस्थानांतील मातृमृत्यूंच्या चौकशीचें काम डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्याकडे होतें. त्या कामासाठीं १९२८ साली विल्सबाई परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें आल्या.

त्यांच्यापुढें जो रोग होता त्याचें नांव गरोदरपणांतील घातक पांडुरोग. दिवस भरत येतांना बाई फिकट पडे, धाप लागे, अंगावर सूज येई. रक्तांतील तांबड्या पेशी थोड्या होत, पण उरलेल्या मात्र नेहमींपेक्षां मोठ्या दिसत. कित्येकींचा त्यांत अंत होई. प्रथम जंतूंचा संशय घेऊन तपास झाला, पण हातीं कांहीं लागलें नाहीं. तेव्हां डॉ. मेहता व डॉ. तळपदे ह्या सहकाऱ्यांसह निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात आणि कशा राहतात, याची पाहणी सुरू झाली. तिचा निष्कर्ष १९३० साली प्रसिद्ध झाला. ज्यांचें अन्न सर्वांत निकृष्ट, त्याच बायकांत हा रोग सर्वांत अधिक. आणि शहरांतील गरीब मुसलमान स्त्रिया ह्या दोन्ही बाबतींत आघाडीवर होत्या. वंश, हवामान, ‘पौर्वात्य प्रकृतीचा दुबळेपणा’ असल्या लाडक्या कारणांना येथें जागा उरली नाहीं.

ह्या पाहणीची थोरवी मला पुढल्या औषधाहूनही मोठी वाटते. एका डॉक्टरनें रोग्याची जीभ पाहण्यापूर्वी त्याची चूल पाहिली, असें उदाहरण त्या काळीं दुर्मिळ होतें.

औषधाची कथा सर्वश्रुत होण्यासारखी आहे, तरी आपल्याकडे ती फारशी सांगितली जात नाहीं. मायनट आणि मर्फी या अमेरिकन वैद्यांनीं १९२६ साली निराळ्या एका घातक पांडुरोगावर प्राण्यांचें यकृत खाऊं घालून यश मिळविलें होतें. परंतु यकृताचा अर्क महाग, आणि शाकाहारी घरांत तो शिरणें कठीण. उंदरांना निकृष्ट आहारावर ठेवून विल्सबाईंनीं जे प्रयोग केले, त्यांत यीस्टनें गुण आला. (त्या उंदरांच्या आजारांत उवांनीं पसरविलेल्या एका जंतूचाही हात होता, हें मागाहून उघड झालें, शास्त्राचा रस्ता असा वांकडातिकडाच असतो.) मग पाळी आली मार्माइटची. दारू गाळून उरलेल्या यीस्टचा हा काळा, खारट लेप. इंग्रज लोक तो पावाला लावून खात. तो स्वस्त होता. रुग्ण स्त्रियांना तो दिला, आणि तिसऱ्या-चवथ्या दिवशीं त्यांची भूक परत आली, मागाहून रक्त सुधारलें. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें हें प्रसिद्ध झालें.

यीस्टमधील तें द्रव्य कोणतें हें तेव्हां कळलें नव्हतें. त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणूं लागले. यकृताचा शुद्ध केलेला अर्क ह्या बायकांना लागू पडत नाहीं, ओबडधोबड अर्क मात्र पडतो, हें विल्सबाईंनींच पुढें दाखवून दिलें. म्हणजे शुद्धीकरणांत नेमकें हवें तेंच गळून जात होतें. १९४१ साली टेक्सासमधील संशोधकांनीं चार टन पालकांतून एक द्रव्य काढलें आणि ‘पान’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटलें. १९४५ साली तें अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें तयार झालें. त्या संशोधनाचे सूत्रधार आंध्रांतील भीमवरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव होते. परळच्या चाळींतील दुखण्याचें उत्तर असें पालेभाजींत निघालें. आणि आपल्या कित्येक घरांत वातूळ किंवा थंड म्हणून बाळंतिणीच्या ताटांतून प्रथम हद्दपार होते ती हीच पालेभाजी! डिंकाच्या व अळिवाच्या लाडवांची मी निंदा करीत नाहीं. अळिवांत लोह भरपूर असतें. पण लाडू महिनाभराचे, आणि सर्वांमागून उरलेंसुरलें जेवण्याची रीत बारा महिन्यांची.

भारत सरकारनें १९७० साली गर्भिणींना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याची योजना सुरू केली. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शेंकडा ५२.२ गर्भिणी पांडुरोगी आढळल्या. ह्यांतील बराचसा दोष लोहाच्या अभावाचा, म्हणजे विल्सबाईंच्या रोगाहून निराळा. पण ताट तेंच.

शिवाय १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनें सात देशांत केलेल्या प्रयोगाचा निकाल आला. पूर्वी ज्यांच्या मुलाला पाठीच्या कण्याचा वा मेंदूचा जन्मजात दोष होता, अशा स्त्रियांनीं गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास तोच दोष पुन्हां होण्याचा धोका शेंकडा ७२ नीं घटतो. गर्भाची ती मज्जानलिका सुमारें अठ्ठाविसाव्या दिवशीं मिटते. तेव्हां पुष्कळ स्त्रियांना आपणांस दिवस गेले आहेत हेंही ठाऊक नसतें. डोहाळजेवणाचा मुहूर्त तर आपण सातव्या महिन्यांत काढतों.