मुदतीचा ताप आणि तपासणीचा कागद

'मुदतीचा ताप' या शब्दातच एक इतिहास दडलेला आहे. औषध नव्हते तेव्हा हा ताप तीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक, आपली मुदत पुरी करी आणि मगच उतरे. घरच्यांच्या हाती मुगाचे पाणी, मोसंब्याचा रस, कपाळावरच्या गार घड्या आणि दिवस मोजणे एवढेच असे. तिसऱ्या आठवड्यात सर्वांचा जीव टांगणीला लागे, आणि तो उगाच नव्हे. नाव तापाचे असले तरी दुखणे आतड्याचे. दूषित पाण्यातून वा अन्नातून गेलेले जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ठाण मांडतात, तेथे व्रण होतात, आणि एखादा व्रण फुटून आतड्याला भोक पडले की रोगी हातचा जाण्याची भीती. त्या भीतीपोटीच आमच्या आजीमंडळींनी रोग्याला घास दिला नाही. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र उपाशी रोगी लवकर खचतो हे पुढे कळले, आणि आज डॉक्टर मऊ, पचेलसे अन्न देण्यास सांगतात.

1880 साली एबर्थ या जर्मन शास्त्रज्ञाने या रोगाचे जंतू पाहिले. 1896 साली पॅरिसमध्ये विडाल याने रोग्याच्या रक्तावरून रोग ओळखण्याची युक्ती सांगितली. (त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला.) ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण 'विडाल पॉझिटिव्ह' हे दोन शब्द आजही आपल्या घरोघरी येतात. रोग्याच्या रक्तातील पातळ द्रव घ्यायचा, तो पाण्याने वाढवत वाढवत जायचा आणि त्यात मारलेले जंतू घालून ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात का ते पाहायचे. कागदावर एकास ऐंशी, एकास एकशेसाठ असे जे आकडे असतात, ते द्रव किती पातळ केल्यावरही गुठळ्या झाल्या, त्याचे.

म्हणजे ही तपासणी जंतू दाखवीत नाही. जंतूंशी शरीराने केलेल्या झुंजीची खूण दाखवते. ती झुंज कदाचित गेल्या वर्षीची असेल, लस टोचल्याची असेल, दुसऱ्याच तापाचीही असेल. उलट पहिल्या आठवड्यात, रोग खरा असूनही, खूण उमटलेली नसते. जंतू प्रत्यक्ष पकडायचे तर रक्त पोषक द्रवात ठेवून ते वाढवावे लागतात. याला 'ब्लड कल्चर' म्हणतात. त्याला काही दिवस लागतात, आणि पहिला आठवडा त्यास सर्वांत चांगला. अट एकच, आधी जंतुनाशक औषध पोटात गेलेले नसावे. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन गोळ्या घेऊन मग डॉक्टरांकडे जाणारा गृहस्थ हीच अट मोडतो, आणि जंतू असून सापडत नाहीत.

औषध सापडले तेही काहीसे अवचित. 1948 साली मलायात अमेरिकन डॉक्टर क्लोरॅम्फेनिकॉल हे नवे औषध निराळ्या एका तापावर देऊन पाहत होते. काही रोग्यांना तो ताप नसून विषमज्वर होता, असे मागाहून उघड झाले. आणि तेच झपाट्याने बरे होत होते! तीन आठवड्यांची मुदत काही दिवसांवर आली. हाडांच्या मगजातले रक्त तयार होणेच क्वचित बंद पडते, हा त्याचा दोष पुढे कळला. पण मोठा घाव वेगळाच होता. 1972 साली केरळात कालिकतला या औषधाला न जुमानणारे जंतू साथीत आढळले. तेव्हापासून एकामागून एक औषधे बोथट होत गेली. म्हणून कल्चरच्या कागदावर खाली औषधांची यादी असते. 'एस्' म्हणजे जंतू त्याने मरतात, 'आर्' म्हणजे मरत नाहीत. रोग्याने निदान एवढी यादी वाचावी, आणि हातातली चिठ्ठी तिच्याशी जुळते ना हे डॉक्टरांना विचारावे. आमच्या मते यात उद्धटपणा मुळीच नाही.

हा कागद मागण्याचा हक्कही फुकट मिळालेला नाही. रोग्याला त्याची कागदपत्रे द्यावीत, असा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने 1996 साली दिला. मागणी आल्यावर ती 72 तासांत द्यावीत, हे 2002 च्या वैद्यकीय नियमांत आले. चिठ्ठीवाचून न विकायच्या औषधांत 2013 साली काही जंतुनाशकांवर आणखी कडक बंधन घातले. त्यांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने तीन वर्षे ठेवायची आहे. या तापात नेहमी दिले जाणारे सेफिक्झिम त्यांतलेच.

कोपरीच्या खाडीपलीकडे, नवी मुंबईत, 2018 साली महापालिकेने नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना या तापाची नवी लस सरसकट टोचायला घेतली. सार्वजनिक कार्यक्रमात ही लस देण्याचा जगातला तो पहिला प्रसंग, आणि पहिल्या फेरीत एक लाखाहून अधिक मुले टोचली गेली. लसीने रोग खरोखर किती हटला हे पाहणाऱ्यांनी विडालच्या आकड्यांवर भिस्त ठेवली नाही. त्यांनी तापाने आलेल्या मुलांचे रक्त घेऊन जंतू वाढतात का ते पाहिले.