वारा कुणाचा, शेअर कुणाचा

डेन्मार्क म्हटलं की आपल्याला लोणी आठवतं, लेगो आठवतं आणि पवनचक्क्या. तिथे एवढ्या पवनचक्क्या कशा, असं विचारलं की लोक म्हणतात, "वारा आहे ना भरपूर!" अहो, वारा तर ब्रिटनमध्येही भरपूर आहे. मला मात्र या प्रश्नाचं उत्तर शेअरच्या कागदात सापडलं.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा हा देश जवळजवळ सगळा आयात तेलावर चालत होता. सरकारच्या मनात अणुवीज होती, लोकांच्या मनात नव्हती. शेवटी १९८५ मध्ये संसदेने अणुवीज योजनेतून काढूनच टाकली. तोवर गावोगावचे शेतकरी आणि शिक्षक वर्गणी काढून पवनचक्की उभी करायला लागले होते. त्यांना हे नवं नव्हतं. १८८२ पासून त्यांच्या दूध डेअऱ्या सहकारी होत्या, तोच हिशोब त्यांनी वाऱ्याला लावला. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे शेअर जवळपास राहणाऱ्यालाच मिळे, आणि तोही घरच्या वीजवापराच्या बेताने.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. माझ्या आजोबांकडे साखर कारखान्याचा एक शेअर होता. दिवाळीला सभासदाची स्वस्त साखर घरी यायची. कारखान्याच्या मळीचा वास गावभर सुटायचा, पण आजोबांनी कधी नाक मुरडलं नाही. "आपलाच कारखाना," म्हणायचे!

कोपनहेगनजवळच्या समुद्रात मिडलग्रुन्देन नावाचा प्रकल्प आहे. पहिल्या आराखड्यात तीन रांगांत २७ पवनचक्क्या होत्या. लोकांनी हरकती घेतल्या आणि आराखडा खरोखरच बदलला! २००० साली उभ्या राहिल्या त्या २० पवनचक्क्या, एका देखण्या कमानीत. त्यातल्या निम्म्या सहकारी संस्थेच्या, आणि सभासद आठ हजारांहून जास्त.

साम्सो बेटाची गोष्ट तर आणखी मजेदार. १९९७ मध्ये सरकारने "फक्त अक्षय ऊर्जेवर चालणारं बेट" अशी स्पर्धा ठेवली आणि साम्सो जिंकलं. अर्ज बाहेरच्या एका इंजिनियरने भरलेला, बेटावरच्या बहुतेकांना पत्ताही नाही. बक्षिसाचे पैसे? शून्य. मग तिथलेच एक शिक्षक, सोरेन हेर्मान्सेन, घरोघर आणि सभांमधून बोलत राहिले. बोलणी रंगावीत म्हणून फुकट बिअरही असायची म्हणे! जमिनीवर ११ पवनचक्क्या झाल्या, त्यांतल्या ९ शेतकऱ्यांच्या आणि २ सामुदायिक. समुद्रात १० झाल्या, त्यांतल्या ५ नगरपालिकेच्या. दहा वर्षांच्या आत चार हजार वस्तीचं हे बेट वर्षभरात वापरापेक्षा जास्त वीज तयार करायला लागलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पवनचक्क्या उंच झाल्या, महाग झाल्या आणि वर्गणीच्या आवाक्याबाहेर गेल्या. मोठे गुंतवणूकदार आले आणि गावांचा विरोधही वाढला. मग २००८ च्या कायद्याने सांगितलं की किमान २० टक्के शेअर स्थानिकांना देऊ करा. २०२० मध्ये तीही पद्धत जाऊन शेजाऱ्यांना वार्षिक बोनस सुरू झाला. म्हणजे बघा, मालकाचा झाला शेजारी, आणि लाभांशाची झाली भरपाई. पैसे कदाचित तेवढेच असतील, पण "आपलीच पवनचक्की" हे वाक्य गेलं.

आपल्याकडे साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या त्या मुख्यतः घसाऱ्याच्या करसवलतीमुळे. ती सवलत ज्यांचा नफा मोठा, त्यांच्याच उपयोगाची. पठारावरच्या शेतकऱ्याला कसला आलाय घसारा! ज्या राज्याने उसाला सभासद मिळवून दिले, त्या राज्याला वाऱ्यासाठी तसा कागद छापावासा वाटला नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता सौरऊर्जेसाठी माळरानं मोजली जाताहेत. नकाशा पक्का झाल्यावर घेतलेली जनसुनावणी म्हणजे साखरपुडा उरकल्यावर मुलीला विचारणं. पेन्सिल हातात असतानाच गावाला बोलवा, आणि जमल्यास एक शेअरही द्या.

असो. तुमच्या गावात काय चाललंय, जरूर लिहा.