पगार नाकारणारा प्रोफेसर आणि तासावर जगणारे सर-मॅडम

हेडफोन लावले असतील तर आज एक प्रश्न घेऊन सुरुवात करू. तुम्हाला कॉलेजात बायोलॉजी शिकवणाऱ्या मॅडमना महिन्याला किती पैसे मिळतात? अंदाज करा. बहुतेक जण म्हणतील, "प्रोफेसर आहेत, म्हणजे लाखभर तरी असतील." काही जणांचा अंदाज बरोबर निघेल. पण त्याच लॅबमध्ये, त्याच मायक्रोस्कोपशेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मॅडमच्या बाबतीत तो साफ चुकेल. एकच विषय आणि एकच वर्ग, पण पगार दोन. हे असं कसं झालं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे, १८८५ सालापर्यंत.

कलकत्ता, १८८५

जगदीशचंद्र बोस हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे. झाडांना संवेदना असतात हे दाखवणारे, क्रेस्कोग्राफ बनवणारे. केंब्रिजहून शिकून ते परत आले आणि १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. वनस्पतींवरचं काम पुढे सुरू झालं.

तेव्हाची रीत अशी होती की युरोपियन प्रोफेसरला जो पगार, त्याच्या दोन-तृतीयांश भारतीय प्रोफेसरला. त्यात बोस यांची नेमणूक तात्पुरती होती, म्हणून त्या दोन-तृतीयांशाचाही अर्धा. म्हणजे हिशेब केला तर युरोपियन सहकाऱ्याच्या एक-तृतीयांश. कॉलेज तेच आणि विद्यार्थीही तेच.

बोस यांनी नोकरी सोडली नाही आणि मोर्चाही काढला नाही. ते रोज शिकवायला जात राहिले, फक्त पगार घेतला नाही. एक-दोन महिने नाही, तब्बल तीन वर्षं!

आता तुम्ही म्हणाल, घरचे श्रीमंत असतील. तर तसं नव्हतं. वडिलांवर कर्ज होतं. १८८७ मध्ये अबला यांच्याशी लग्न झालं आणि संसार सुरू झाला. कलकत्त्यात घर परवडेना म्हणून दोघांनी नदीकाठी चंदननगरला स्वस्तातलं घर घेतलं. कॉलेजला जाण्यासाठी होडीतून हुगळी ओलांडायची, आणि ती होडी परत न्यायला अबलाबाई सोबत. शहरात भाडं परवडत नाही म्हणून लांब राहायचं आणि प्रवासात दिवस घालवायचा, हे गणित कर्जत-कसाऱ्याहून लोकल पकडणाऱ्यांना नव्यानं सांगायला नको.

तीन वर्षांनी सरकार नमलं. बोस यांना पूर्ण पगार मंजूर झाला, तोही मागच्या तारखेपासून. एकरकमी मिळालेल्या त्या पैशांतून वडिलांची देणी फेडली गेली.

ही हकीकत जगासमोर नीट मांडली ती पॅट्रिक गेडिस यांनी, १९२० मध्ये लिहिलेल्या बोस यांच्या चरित्रात. गेडिस स्वतः मुळात बायोलॉजीचे माणूस. आणि त्याच सुमाराला ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. बोस यांची मागणी "पगार वाढवा" अशी नव्हती. "त्याच कामाचा तोच पगार द्या" अशी होती.

पुणे, तेच साल

योगायोग बघा, १८८५ मध्येच पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी ठरवलं होतं की कमी पगारावर वीस वर्षं शिकवायचं. गोपाळ कृष्ण गोखले महिना ७५ रुपयांवर शिकवत होते. टिळक सोडून गेल्यावर गणित शिकवायला आले ते धोंडो केशव कर्वे. आगरकरांनी तर आईला आधीच कळवून टाकलं होतं की मुलगा मोठ्या परीक्षा पास झाला तरी मोठ्या पगाराची स्वप्नं बघू नकोस.

म्हणजे कलकत्त्यात एक माणूस सरकारशी पूर्ण पगारासाठी भांडतोय आणि पुण्यात काही माणसं स्वतःहून कमी पगार घेतायत. दोन्ही गोष्टी मोठ्याच. पण पुण्यातही ते सोपं नव्हतं हं. घरखर्च वाढला की पगार वाढवावा का? बाहेर काम करून पैसे मिळवले तर चालतील का? टिळक म्हणत, त्याग म्हणजे त्याग. आगरकरांचं म्हणणं, माणसांना संसारही आहेत. १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले, त्यामागच्या वादांत हा पैशांचा मुद्दाही होता.

आपल्याकडे "शिक्षकानं पैशांचं बोलू नये" असं जे वातावरण आहे, त्याची मुळं या काळात सापडतात. फरक एवढाच की फर्ग्युसनच्या मंडळींनी त्याग स्वतः निवडला होता आणि संस्था त्यांच्याच हातात होती. आज तासावर शिकवणाऱ्या सरांना कोणी विचारलेलं नाही.

महागाई मोजायची कशी?

आता जरा वेगळ्या वाटेनं जाऊ. पगार पुरतो की नाही हे ठरवायला महागाई मोजावी लागते. मुंबईत हे काम पद्धतशीर सुरू झालं ते गिरणी कामगारांमुळे. पहिल्या महायुद्धानंतर भाव भडकले, संप झाले. १९२१ मध्ये मुंबई सरकारचं लेबर ऑफिस उभं राहिलं आणि कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक निघायला लागला. जुलै १९१४ चे भाव म्हणजे १०० धरायचे आणि धान्य, सरपण, कापड, घरभाडं यांचे आजचे भाव त्याच्याशी ताडून बघायचे.

आजचा महागाई भत्ता, म्हणजे आपल्या बोलीतला डीए, याच कल्पनेवर चालतो. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक वाढला की वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून, डीए वाढतो. प्रोफेसरच्या पगारातली वाढ आजही कामगाराच्या वाणसामानावरून ठरते, हे गंमतशीर आहे ना?

मोठे आकडे, छोटी वाढ

१९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी कायद्यानं स्थापन झाली. तिच्या वेतनश्रेणीत लेक्चररची सुरुवात बघा: १९७३ मध्ये ७००, १९८६ मध्ये २,२००, १९९६ मध्ये ८,०००. २००६ मध्ये १५,६०० ते ३९,१०० ची श्रेणी, वर ६,००० चा ग्रेड पे. आणि २०१६ पासून ५७,७००.

ऐकून वाटतं, बापरे, केवढी वाढ! पण थांबा. शेवटच्या टप्प्याचा हिशेब करू. १५,६०० अधिक ६,००० म्हणजे २१,६००. जानेवारी २०१६ मध्ये डीए १२५ टक्के होता. म्हणजे हातात ४८,६०० येतच होते. ते झाले ५७,७००. खरी वाढ साधारण १९ टक्के. बाकी सगळी जुनी महागाई, जी मूळ पगारात मिसळून टाकली.

आणि हे पैसे तरी आपोआप मिळाले का? नाही. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या शिक्षकांचा प्रश्न यांवरून २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनी ४ फेब्रुवारी ते १० मे परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. सरकारनं ७१ दिवसांचा पगार रोखला. तुमच्या ताई-दादांना लांबलेल्या परीक्षा आठवत असतील.

आता तासाचा हिशेब

हे झालं कायम असलेल्यांचं. ज्यांची नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर आहे, त्यांचं काय?

महाराष्ट्रात २०१८ मध्ये पदवीच्या लेक्चरला तासाला ५०० रुपये ठरले. नंतर दर वाढला. आपण सोयीसाठी सरळ १,००० धरू. आठवड्याला ९ तासिका, महिन्याला ३६. एकही सुट्टी नाही असं मानलं तर ३६,०००. कायम असलेल्या नव्या सहकाऱ्याचं मूळ वेतन ५७,७००, त्यावर ५० टक्के डीए धरला तर ८६,५५०, आणि घरभाडं भत्ता वेगळा.

पण खरा घोळ पुढे आहे. दिवाळीची सुट्टी लागली, परीक्षा सुरू झाल्या, की तास बंद. तास बंद म्हणजे पैसे बंद. घरमालक मे महिन्याचं भाडं सोडतो का?

दुसरं, कायम शिक्षकाचा घरभाडं भत्ता शहर बघून ठरतो. मुंबई-पुण्याला जास्त, तालुक्याच्या गावाला कमी. तासाचा दर मात्र मुंबईत आणि गडचिरोलीत एकच. आणि निर्देशांक कितीही चढो, हा दर आपोआप हलत नाही. नवा शासन निर्णय निघेपर्यंत वाट बघायची.

आणि तिसरं, खास आपल्या बायोलॉजीवाल्यांसाठी. प्रॅक्टिकलच्या तासाचा दर लेक्चरच्या निम्म्याहूनही कमी. आता सांगा, बॉटनी-झूलॉजीत काम कुठे जास्त असतं? पेशीविभाजन दाखवायचं तर कांदे तीन-चार दिवस आधी पाण्यावर ठेवावे लागतात, तेव्हा कुठे मुळं फुटतात. मग ती टोकं वेळेवर कापून फिक्स करायची. मायक्रोबायोलॉजीत आदल्या दिवशी मीडियम बनवून, ऑटोक्लेव्ह करून प्लेट ओतून ठेवायच्या. शिवाय जर्नल तपासायची. यातलं काहीच टाइमटेबलच्या तासात बसत नाही, त्यामुळे बिलातही येत नाही. इतिहासाच्या सरांना आणि बायोलॉजीच्या मॅडमना लेक्चरचा दर सारखा दिसतो, पण मॅडमचं निम्मं काम स्वस्त तासांत जातं आणि उरलेलं फुकटात.

नियम काय म्हणतात?

यूजीसीचे २०१८ चे नियम म्हणतात की कंत्राटी नेमणुका अगदीच गरज असेल तेव्हा कराव्यात आणि त्या एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात. २०१९ मध्ये यूजीसीनं अतिथी शिक्षकांसाठी लेक्चरला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दर दिला. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात सांगितलं की समान काम असेल तर तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही समान वेतनाचा हक्क आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात कोर्टानं पुन्हा कान टोचले. तिथे महिना ३०,००० वर माणसं वर्षानुवर्षं शिकवत होती.

बघा, १८८५ मधली बोस यांची मागणी आणि ही मागणी एकच आहे. तेव्हा भेद कातडीचा होता, आता नेमणूकपत्राचा आहे. "तात्पुरता" हा शब्द मात्र तेव्हाही पगार कापायला वापरला जायचा आणि आजही जातो.

यात आपला काय संबंध, असं वाटत असेल तर असं बघा. सकाळी एका कॉलेजात, दुपारी एसटीनं दुसऱ्या गावच्या कॉलेजात तास घेणारे सर कांदे कधी पाण्यावर ठेवणार? मग आपल्याला तयार स्लाइड मिळते, किंवा नुसती आकृती. शेवटी नुकसान आपल्या शिकण्याचं होतं.

आपल्या कॉलेजात बायोलॉजीची किती पदं मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत, हे माहितीच्या अधिकारात कुणीही विचारू शकतं, अर्जाला फक्त १० रुपये लागतात. विचारून बघा आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!