आचाऱ्याच्या टोपलीवरील पाखरे

स्वप्नात घुबड दिसले किंवा कावळ्याने टोच मारली, की आपल्या ख्रिस्ती घरांतूनही सकाळी कुणाचा तरी चेहरा उतरलेला असतो. या भयाला फार जुना इतिहास आहे आणि त्याचा सर्वांत भेदक दाखला उत्पत्तीच्या ४०व्या अध्यायात सापडतो.

फारोचा प्यालेबरदार आणि आचारी बंदिशाळेत आहेत. प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ शुभ निघाला हे पाहून आचारीही पुढे सरसावतो. त्याच्या डोक्यावर तीन टोपल्या. वरच्या टोपलीत राजासाठी भाजलेले नाना पदार्थ. आणि पाखरे ते खात आहेत. (तिसऱ्या रामसेसच्या थडग्यात राजवाड्याच्या भटारखान्याचे चित्र आहे. त्यात पशूंच्या आकाराचे पावही दिसतात, तेव्हा ‘नाना पदार्थ’ ही अतिशयोक्ती नव्हे.) योसेफ त्याला सांगतो, की तीन टोपल्या म्हणजे तीन दिवस, त्यानंतर राजा त्याचा शिरच्छेद करून देह झाडाला टांगील आणि पाखरे तो खातील.

मिसरी माणसाला यातील शेवटचा भाग मृत्युदंडाहूनही भयंकर वाटला असेल. देह सुरक्षित राहिला तरच परलोकीचे जीवन, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. म्हणून तर प्रेते टिकवून ठेवण्याचा तो सारा खटाटोप. ‘बा’ नावाचे आत्मतत्त्व ते मनुष्यमुखी पक्ष्याच्या रूपात रंगवीत. हा पक्षी बाहेर हिंडून पुन्हा आपल्या देहाकडे परते. आचाऱ्याच्या वाट्याला मात्र परतणारा पक्षी नव्हे, तर देहच नाहीसा करणारी पाखरे आली.

मिसरात स्वप्नफलाच्या याद्या होत्या. देर अल-मदीना येथे सापडलेला, इ. स. पूर्व १३व्या शतकातील असा एक पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मनुष्याने स्वप्नात अमुक पाहिले तर शुभ, तमुक पाहिले तर अशुभ, अशी त्याची मांडणी. ‘अशुभ’ हा शब्द तांबड्या शाईने. योसेफ अशी यादी उघडत नाही. अर्थ उलगडणे देवाकडे आहे, असे तो आधीच बजावतो. शिवाय, पाखरू म्हणजे अमुक, असेही तो म्हणत नाही. स्वप्नात आणि अर्थात पाखरे पाखरेच राहतात. बदलते ते त्यांचे भक्ष्य.

पुढे इ. स. २ऱ्या शतकात आर्तेमिदोरस याने ग्रीक भाषेत स्वप्नार्थावर पाच भागांचा ग्रंथ लिहिला. गरुडावर बसल्याचे स्वप्न गरिबाला शुभ, पण राजाला व श्रीमंताला मृत्युसूचक, असे तो सांगतो. कारण थोरामोठ्यांना मृत्यूनंतर गरुडारूढ चितारण्याची चाल होती. म्हणजे ज्याचा हा व्यवसायच होता, त्यालाही पक्ष्याला एकच अर्थ चिकटवता येईना! बाजारातल्या स्वप्नफलाच्या चोपड्या त्याच्याहून आळशी आहेत.

ख्रिस्तसभेने स्वप्ने सर्वस्वी नाकारली नाहीत. पवित्र मरियेचा पती योसेफ याला स्वप्नातच आदेश मिळाले. तिने नाकारला तो भाकितांचा धंदा. पोप पहिले ग्रेगरी (५९०–६०४) आपल्या ‘संवाद’ या ग्रंथात एका माणसाची हकिकत देतात. स्वप्नात दीर्घायुष्याची हमी मिळाली म्हणून त्याने पुष्कळ वर्षांसाठी पैसा साठवला आणि तो अकस्मात मेला. त्याच ग्रंथात संत बेनेडिक्ट आपली बहीण स्कोलास्टिका हिचा आत्मा कबुतराच्या रूपात स्वर्गात जाताना पाहतात. ते स्वप्न नव्हते. बेनेडिक्ट जागे होते. त्यांनी देवाचे आभार मानले, बंधूंना पाठवून बहिणीचा देह मठात आणवला आणि स्वतःसाठी सिद्ध करून ठेवलेल्या कबरीत ठेवला.